नाव कारकुनानं बदललेलं नाही

हॉलिवूडमधल्या ज्यू निर्माता-दिग्दर्शकांच्या घराण्यांबद्दल लिहिताना ‘एलिस आयलंडवरच्या कारकुनानं आडनाव बदललं’ हे वाक्य सर्रास ठोकून दिलं जातं. (एलिस आयलंड म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं बेट; बोटीनं आलेल्या स्थलांतरितांची तपासणी तिथे होत असे.) कृपया ते थांबवा. नवं नाव घेणं हा त्या माणसांचा स्वतःचा निर्णय होता, आणि तो आपण एका कारकुनाच्या नावावर जमा करतो.

प्रवाशांची यादी मुळात हॅम्बुर्ग, ब्रेमेनसारख्या बंदरांत बोट कंपनीची माणसं भरत. न्यूयॉर्कचे अधिकारी तीच यादी समोर ठेवून प्रश्न विचारत. शिवाय एलिस आयलंड उघडलं 1892 साली. युनिव्हर्सल स्टुडिओचा संस्थापक कार्ल लेमले जर्मनीतल्या लाउपहाइमहून आला 1884 मध्ये. त्याला तिथे शोधणार कसं?

निर्माता सॅम्युएल गोल्डविनचंच बघा. वॉर्सातला श्मुएल गेल्बफिश अमेरिकेला पोचण्याआधी इंग्लंडमध्येच गोल्डफिश झाला होता. पुढे तो हातमोज्यांच्या धंद्यातून सिनेमात आला. 1916 मध्ये सेल्विन बंधूंबरोबर कंपनी काढली, तेव्हा दोन आडनावांचे तुकडे जोडून ‘गोल्डविन’ तयार झालं. मग त्यानं कायदेशीररीत्या तेच आडनाव घेतलं. विनोदी सिनेमांचा दिग्दर्शक मेल ब्रुक्स तर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्येच जन्मला. मॅक्स कॅमिन्स्की नावाच्या ट्रम्पेटवादकाशी गल्लत होऊ नये, म्हणून या मेल्विन कॅमिन्स्कीनं आईच्या माहेरच्या ब्रुकमन आडनावातून ‘ब्रुक्स’ काढलं.

मुळं शोधायचीच असतील तर उलटीकडून चला. आधी नागरिकत्वाचा अर्ज. 1906 च्या कायद्यानंतर त्याचे नमुने देशभर एकसारखे झाले. त्यात बोटीचं नाव आणि येण्याची तारीख सापडते, कधीकधी कोर्टानं मंजूर केलेला नावबदलही. मग त्या तारखेची बोटीची यादी काढा, पण जुन्या नावानं. 1907 नंतरची यादी दोन पानांवर पसरलेली असते. बरेच जण डावं पान बघून थांबतात, आणि जन्मगाव राहतं उजव्या पानावर!

देशाचा रकानाही जपून वाचा. पोलंड 1918 पर्यंत स्वतंत्र नव्हता, त्यामुळे वॉर्साचा माणूसही ‘रशिया’खाली सापडतो. स्पीलबर्गच्या आजोबांकडचं कामियानेत्स-पोदिल्स्की आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा तेही रशियन साम्राज्यातच होतं. एमजीएम स्टुडिओच्या लुई मेयरचं बालपण कॅनडातल्या सेंट जॉनमध्ये गेलं, वडिलांच्या भंगाराच्या धंद्यात. अशा घरांसाठी कॅनडाच्या सरहद्दीवरच्या नोंदी वेगळ्या चाळाव्या लागतात. न्यूयॉर्कच्या यादीत नाव मिळालं नाही, की लगेच ‘कारकुनानं बदललं असेल’ असं लिहून मोकळं होऊ नका.