गोठणारं कासव आणि घरचा फ्रीज

आमच्या फॅमिली ग्रुपवर तोच फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला: 'अमेरिकेत कासवाची पिल्लं हिवाळ्यात गोठून दगड होतात, हृदय बंद पडतं, ऊन पडलं की पुन्हा जिवंत होतात. म्हणून घरचं कासव थंडीत फ्रीजमध्ये ठेवा.' लगेच राजारामपुरीतनं भाच्याचा फोन, "मामा, ठेवू काय?"

थांब गड्या. हा पराक्रम सगळ्या कासवांचा नाही. तो मुख्यतः उत्तर अमेरिकेतल्या पेंटेड टर्टलच्या पिल्लांचा. उन्हाळा सरता सरता अंड्यातून निघालेली ही पिल्लं मातीखालच्या उथळ घरट्यातच हिवाळा काढतात. तिथल्याच स्नॅपिंग टर्टलची पिल्लं बहुतेक थंडीआधीच पाणी गाठतात.

गोठून दगड? उलट, न गोठणं हीच त्यांची खरी करामत. फ्रीझरमध्ये विसरलेली सोड्याची बाटली आठवा. काढली तेव्हा आत पातळ, टोपण फिरवलं की डोळ्यांदेखत बर्फाचा भुगा. पाणी शून्याखाली गेलं तरी बर्फाचा पहिला कण जमल्याशिवाय गोठत नाही. मातीतला बर्फ पिल्लाची कातडी बाहेरच अडवते, म्हणून उणे १० अंशांच्या आसपासही त्याच्या अंगातलं पाणी पातळ राहू शकतं. एवढ्या थंडीत कण आत शिरला, तर मात्र खेळ खलास.

हृदय थांबतं, ही अगदीच थाप नाही. शून्याच्या जरा खाली, बर्फ सावकाश आणि पेशींच्या बाहेर धरला, तर अंगातलं जवळजवळ निम्मं पाणी गोठूनही पिल्लू वाचतं. तेवढा वेळ श्वास नाही, ठोका नाही. पण ही सवलत उणे ४ च्या अलीकडची, तीही थोड्या दिवसांची. देवळातल्या दगडी कासवागत अख्खा हिवाळा पडून राहायचं आणि मग चालू लागायचं, असं नाही.

राहिला फ्रीज. मोठी पेंटेड कासवं तळ्याच्या तळाशी गारठलेल्या पाण्यात महिनोन्महिने राहतात, ऑक्सिजन नसला तरी. रक्तात साचणारं आम्ल कवचातले क्षार मारतात (हे खरं तर फॉरवर्ड करण्याजोगं!). पण खाणं त्यांनी आधीच सोडलेलं असतं. भाच्याच्या टाकीतल्या लाल कानाच्या स्लायडर कासवानं सकाळीच दाणे हाणलेत. थंडीत पचन थांबतं, पोटातलं तिथंच कुजतं. आणि पंचगंगेतलं, झडपांखाली मागचे पाय झाकणारं कासव असतं, तर फ्रीज सोडाच, टाकीत ठेवणंही १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा.

कोल्हापुरात डिसेंबरच्या पहाटेही पारा सहसा १४-१५ च्या घरात. भाच्याला म्हटलं, टाकी खिडकीपासून आत सरकव, वर दिवा लाव. फ्रीजमध्ये दूध राहू दे.