रोमेलच्या फोटोत न दिसणारी माणसं

टोपीवर चढवलेला गॉगल, गळ्याशी निळा क्रॉस, नजर दूर कुठंतरी लागलेली. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सेनापती एर्विन रोमेल याचा हा फोटो आणि त्याखालचा मजकूर गेल्या काही वर्षांत मला इतक्या जणांनी पाठवला, की त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यायलाच हवं असं वाटलं. मजकुराचा गाभा असा: रोमेल नाझी नव्हता, पक्षाचा सभासदसुद्धा नव्हता. केवळ गुणांवर तो फील्ड मार्शल झाला. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्याला कुणी हरवलं नाही, पेट्रोल संपलं म्हणून तो मागे फिरला. त्यानं द्वेषाविना युद्ध केलं. हिटलरला मारायच्या कटाचा तो सूत्रधार होता. आणि शेवटी, तो भारताचा मित्र होता.

सैनिक म्हणून तो असामान्य होता, हे आधीच मान्य करतो. १८९१ साली व्युर्टेम्बर्गमधल्या हायडेनहाइम गावी एका शिक्षकाच्या घरी त्याचा जन्म झाला. घरात सेनापतींची परंपरा नव्हती. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये, मग रोमानियात तो लढला. ऑक्टोबर १९१७ मध्ये कापोरेत्तोच्या लढाईत त्यानं डोंगरी पलटणीच्या मूठभर कंपन्या घेऊन इटालियन फळीच्या मागे घुसत, एकामागून एक शिखरं घेत, २६ तारखेला माताजुर गाठलं. दोन-अडीच दिवसांत नऊ हजारांच्या आसपास इटालियन सैनिक त्याच्या हाती लागले. गळ्यातला तो निळा क्रॉस, प्रशियाचा सर्वोच्च लष्करी सन्मान, याच मोहिमेसाठी त्याला मिळाला. मजकुरातला एवढा भाग खरा आहे.

आता बाकीचं पाहू.

पक्षाचा सभासद नव्हता, हे खरं. पण त्या काळच्या जर्मन कायद्यानं सेवेतल्या सैनिकाला राजकीय पक्षात सक्रिय राहायला मनाई होती. त्यामुळे जर्मनीतले कितीतरी सेनापती सभासद नव्हते, आणि त्यांतल्या काहींनी रशियात काय केलं ते जगाला ठाऊक आहे. सभासदत्वाच्या पावतीवरून माणूस ओळखता येत नाही. कोण कुणाच्या जवळ होता, ते पाहावं लागतं. १९३४ मध्ये गोस्लारला रोमेलची हिटलरशी पहिल्यांदा गाठ पडली. १९३७ मध्ये त्याचं पायदळाच्या डावपेचांवरचं पुस्तक निघालं आणि ते हिटलरच्या नजरेत भरलं. पुढे हिटलरच्या रक्षक पलटणीची जबाबदारी त्याच्याकडे आली, आणि पोलंडवर हल्ला झाला तेव्हा हिटलरच्या फिरत्या मुख्यालयाचा कमांडंट रोमेलच होता. त्या दिवसांत बायकोला, लूसीला, लिहिलेल्या पत्रांत हिटलरविषयीचं कौतुक ओसंडून वाहतं. ही पत्रं वाचून 'मनातून विरोधक' हा निष्कर्ष कुणी कसा काढतो, मला कळत नाही.

दुसरा दावा, 'केवळ गुणांवर', इथंच कोसळतो. रोमेलनं हिटलरकडे रणगाड्यांची डिव्हिजन मागितली. तोवर तो आयुष्यभर पायदळाचा माणूस. लष्कराच्या नेमणूक खात्याला त्याला डोंगरी डिव्हिजन द्यायची होती. हिटलरनं शब्द टाकला आणि फेब्रुवारी १९४० मध्ये सातवी पॅन्झर डिव्हिजन त्याला मिळाली. त्या वर्षीच्या बेल्जियम-फ्रान्सवरच्या चढाईत दिनांजवळ म्यूज नदी ओलांडताना, आरासला, सेंट व्हॅलेरीला त्यानं जे केलं ते त्याचं कर्तृत्व, यात वाद नाही. पण ती संधी त्याला सर्वोच्च नेत्याच्या मर्जीनं मिळाली होती. त्यानंतर गोबेल्सच्या प्रचारखात्यानं त्याला नायक बनवलं, आणि रोमेलनं त्या कामाला हौसेनं साथ दिली. आपण आज जो फोटो पुढे पाठवतो, तोही त्याच प्रचारयंत्रणेच्या काळातला आहे.

'वाळवंटात कुणी हरवलं नाही.' या दाव्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण यात आपली माणसं आहेत.

फेब्रुवारी १९४१ मध्ये रोमेल लिबियातल्या त्रिपोलीला उतरला. एप्रिलमध्ये तिथल्याच तोब्रुक बंदरावर त्यानं घाईनं हल्ले चढवले आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांनी ते परतवले. तोब्रुकचा वेढा जवळपास आठ महिने चालला. वर्षअखेरीला ब्रिटिशांच्या मोठ्या चढाईनंतर तो वेढा उठला आणि रोमेल जिथून निघाला होता त्या एल अघेलापर्यंत मागे हटला. ही पहिली माघार. ऑगस्ट-सप्टेंबर १९४२ मध्ये इजिप्तमध्ये अलम हल्फाच्या टेकडीवर त्याची चढाई अडली. नोव्हेंबरमध्ये जवळच्याच अलामीनला त्याची फळी फुटली. ६ मार्च १९४३ ला ट्युनिशियात मेदेनीनला त्याचा हल्ला एका दिवसात मोडला, आणि तीन दिवसांनी त्यानं आफ्रिका कायमची सोडली. ज्याला कुणी हरवलंच नाही, त्याच्या नावावर एवढ्या माघारी कशा?

त्याचा सगळ्यात मोठा विजय म्हणजे २१ जून १९४२ चं तोब्रुक. त्या शहराचा आग्नेयेकडचा पट्टा अकराव्या भारतीय ब्रिगेडकडे होता. त्यात कॅमेरन हायलँडर्स होते, गुरखे होते, आणि पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती. बेळगावच्या केंद्रातली, 'काळी पाचवी' म्हणून ओळखली जाणारी तीच पलटण. २० जूनच्या पहाटे रोमेलनं आपला सगळा जोर याच पट्ट्यावर लावला. आधी स्टुका विमानांचे बॉम्ब, मग तोफा, मग सुरुंगांतून वाट काढणारे सॅपर आणि त्यांच्यामागून रणगाडे. रणगाडे अडवायचा खंदक ठिकठिकाणी वाळूनं बुजला होता, सुरुंगही पूर्वीइतके उरले नव्हते. त्या पहाटेचा पहिला घाव मराठ्यांनी झेलला. दुसऱ्या दिवशी शहर पडलं. सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले, त्यांत अडीच हजारांच्या आसपास भारतीय. २२ जूनला हिटलरनं रोमेलला फील्ड मार्शल केलं. मजकुरात या विजयाचं रसभरीत वर्णन आहे, फक्त समोर कोण होतं त्याचा उल्लेख नाही. मराठीत लिहिलेल्या मजकुरात तरी तो असायला हवा होता.

आणि हा विजय केवळ त्याच्या 'सहाव्या इंद्रियाचा' नव्हता. १९४१ च्या सप्टेंबरात इटालियन गुप्तचरांनी रोममधल्या अमेरिकन दूतावासातून एक सांकेतिक लिपी चोरली. कैरोतला अमेरिकन लष्करी प्रतिनिधी बॉनर फेलर्स तीच लिपी वापरून ब्रिटिश फौजेची इत्थंभूत माहिती वॉशिंग्टनला कळवत असे. ती माहिती रोमेललाही पोचत होती. जून १९४२ च्या अखेरीला हा झरा आटला. १० जुलैला तेल एल ईसाला ऑस्ट्रेलियनांनी त्याची बिनतारी संदेश चोरून ऐकणारी तुकडीच पकडली. 'वाळवंटातला कोल्हा' म्हणून गाजलेला रोमेल त्यानंतर तितकासा धूर्त वाटत नाही. शिवाय त्याच्या फौजेत इटालियन सैनिक जर्मनांपेक्षा जास्त होते. विजय झाला की श्रेय रोमेलला, पराभव झाला की इटालियनांचा दोष, ही वाटणी अन्यायाची आहे.

राहिला पेट्रोलचा मुद्दा. टंचाई होती, आणि भूमध्य समुद्रातल्या माल्टा या ब्रिटिश बेटावरून निघणारी विमानं आणि पाणबुड्या त्याची जहाजं बुडवत होत्या, हेही खरं. पण तोब्रुक घेतल्यावर आधी थांबायचं आणि माल्टा ताब्यात घ्यायचं, असं ठरलेलं होतं. इजिप्तकडे धाव घ्यायचा हट्ट रोमेलनंच धरला. त्रिपोली बंदरापासून अलामीन दोन हजार किलोमीटरच्या आसपास. तेवढं अंतर कापताना ट्रकच निम्मं पेट्रोल पिणार, हे सेनापतीनं आधी मोजायचं असतं. रसद हा नशिबाचा भाग नसतो, तो सेनापतीच्या कामाचाच भाग असतो. महाराष्ट्रात वाढलेल्या, गडकोटांवरच्या धान्यकोठारांचे आणि दारूगोळ्याचे हिशेब ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

त्या धावेला खीळ कशी बसली, तेही सांगायला हवं. १ जुलै १९४२ ला अलामीनजवळ देर एल शेनच्या खोलगट भागात अठरावी भारतीय ब्रिगेड नुकतीच येऊन पोचली होती. एसेक्सचे ब्रिटिश, शीख आणि गुरखे अशी तिची फौज. तयारीला पुरेसा वेळ नाही, तोफा अपुऱ्या. संध्याकाळपर्यंत ती ब्रिगेड संपली. पण रोमेलचा अख्खा दिवस तिनं खाल्ला. हाताशी उरलेल्या ५५ रणगाड्यांपैकी १८ त्यानं तिथं गमावले, आणि तो दिवस त्याला पुन्हा मिळाला नाही.

'द्वेषाविना युद्ध' हे रोमेलच्या मृत्यूनंतर निघालेल्या त्याच्या आठवणींच्या पुस्तकाचं नाव. पकडलेल्या कमांडोंना ठार मारायचा हिटलरचा हुकूम त्यानं आफ्रिकेत पाळला नाही, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण जून १९४० मध्ये सोम नदीच्या परिसरात, सातवी पॅन्झर लढत होती त्या पट्ट्यात, शरण आलेल्या आफ्रिकी सैनिकांना त्यांच्या रंगामुळे गोळ्या घातल्या गेल्या. त्यामागे रोमेलचा हुकूम होता असा पुरावा नाही. तरीही त्या युद्धाला द्वेषाविना म्हणवत नाही. जुलै १९४२ मध्ये एसएस या नाझी संघटनेचा अधिकारी वाल्टर राउफ याच्या हाताखाली एक खास पथक उभारलं गेलं. रोमेलच्या फौजेमागून इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये शिरायचं आणि तिथल्या ज्यूंना संपवायचं, हे त्याचं काम. अलामीनची ब्रिटिश फळी हलली नाही म्हणून ते अथेन्समध्येच अडकून पडलं. नोव्हेंबरात तेच पथक ट्यूनिसला उतरलं आणि त्यानं हजारो ज्यूंना वेठबिगारीला जुंपलं. रोमेल स्वतः सभ्य असेलही. पण तो जिंकला असता तर त्याच्यामागून कोण येणार होतं, हे आपण बोलायचं टाळतो. देर एल शेनच्या त्या एका दिवसाचं मोल यातही आहे.

कटाबद्दल थोडक्यात. १९४४ च्या उन्हाळ्यात पश्चिमेतलं युद्ध हरलं आहे हे रोमेलला दिसत होतं, आणि १५ जुलैला त्यानं हिटलरला तसं लिहिलं. कटातल्या माणसांशी त्याचं बोलणं झालं होतं. पण १७ तारखेला विमानाच्या गोळीबारात तो जबर जखमी झाला आणि २० जुलैला, बॉम्ब फुटला तेव्हा, इस्पितळात होता. त्याला नेमकं किती ठाऊक होतं यावर इतिहासकार आजही भांडतात. हिटलरला ठार मारायला त्याचा विरोध होता, असं त्याच्या बायकोनं युद्धानंतर सांगितलं. बॉम्ब ठेवणारा श्टाउफेनबर्ग सूत्रधारांपैकी होता, रोमेल नव्हता. १४ ऑक्टोबरला दोन सेनापती त्याच्या घरी विष घेऊन आले. घरच्यांना हात लावणार नाही, या बोलीवर त्यानं ते घेतलं. हा मृत्यू भयंकर आहे. पण त्या मृत्यूनं आधीची दहा वर्षं पुसली जात नाहीत.

शेवटचा दावा, भारताचा मित्र. त्याला आधार म्हणून दुसरा एक फोटो जोडतात. फेब्रुवारी १९४४, फ्रान्सचा किनारा, रोमेल भारतीय सैनिकांची पाहणी करतोय. फोटो खरा आहे. ते सैनिक सुभाषबाबूंच्या प्रयत्नांतून जर्मनीत उभ्या राहिलेल्या आझाद हिंद लिजनचे. लिजन अटलांटिक किनाऱ्यावर तैनात होती आणि त्या किनाऱ्याची तटबंदी रोमेलकडे होती, म्हणून तो तिथं आला. लिजनची कल्पना त्याची नव्हती, आणि भारताच्या स्वातंत्र्यासाठी त्यानं काही केल्याचं कुठं दिसत नाही. लिजनमधले कितीतरी जण आफ्रिकेतल्या लढायांत पकडलेले युद्धकैदी होते. अशा कैद्यांपैकी काहींनी मनापासून ती वाट धरली. बरेच जण नाही म्हणाले आणि तारेच्या कुंपणाआड राहिले. दोघांच्याही मनात काय चाललं असेल, याचा विचार करावा असं मला वाटतं.

लिजनसाठी निवडलेले पहिले २७ जण मे १९४१ मध्ये विमानानं बर्लिनला नेले गेले. ते मेकिलीला पकडलेल्यांपैकी होते. लिबियाच्या वाळवंटातल्या त्या जुन्या किल्ल्यापाशी तिसऱ्या भारतीय मोटर ब्रिगेडला रोमेलच्या फौजेनं घेरलं होतं. ८ एप्रिलला मेकिली पडलं. तिथं सापडलेल्या ब्रिटिश सामानातून रोमेलनं स्वतःसाठी एक वस्तू उचलली आणि टोपीवर चढवली. फोटोतला गॉगल तोच.