आईची मांडी म्हणजे सीटबेल्ट नव्हे

परवा रात्री धाकट्या बहिणीने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला: 'गाडीत बसण्याचे पाच नियम, सर्वांना पाठवा.' नियम असे. मागे बसणाऱ्यांना बेल्टची गरज नाही. तान्ह्या बाळाला आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही. एअरबॅग असेल तर बेल्ट नसला तरी चालतो. गाडी पेटली किंवा पाण्यात पडली तर बेल्टच जीव घेतो. गरोदर बाईने बेल्ट लावूच नये. खाली तिने लिहिलं होतं, "आम्हीही तसंच करतो." तिचं बाळ दहा महिन्यांचं आहे आणि शनिवारी ते पुण्याहून कोल्हापूरला निघालेत. वाचून डोकंच फिरलं.

आधी मांडीचं बोलू, कारण बाकी चार नियमांपेक्षा हा एकटा जास्त घातक आहे. गाडी ताशी ५० किमी वेगाने आदळली की पुढचा भाग चेपत अर्ध्या-पाऊण मीटरमध्ये थांबते. बाळ मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतं. त्याला अर्ध्या मीटरमध्ये थांबवायचं तर त्याच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर लागतो. दहा किलोच्या बाळासाठी दोनशे किलो, म्हणजे दोन क्विंटल. दोन क्विंटलचं पोतं दोन हातांत कोण पेलणार? आणि हे सगळं पापणी लवायच्या आत उरकतं, मिठी घट्ट करायलाही वेळ मिळत नाही. आईने बेल्ट लावला नसेल तर तीच बाळावर आदळते आणि बाळ तिच्या नि पुढच्या सीटच्या मध्ये चेंगरतं. दोघांना मिळून एकच बेल्ट लावला तर आईचं सगळं वजन पट्ट्यासकट बाळाच्या पोटात रुततं.

मागच्याच महिन्यात खंबाटकीच्या उतारावर पुढच्या ट्रकने ब्रेक मारला तेव्हा याच बाळाचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं होतं. वेग तीससुद्धा नव्हता. बहिणीने त्याला दोन्ही हातांनी धरलेलं होतं.

मागच्या सीटचं म्हणाल, तर ४ सप्टेंबर २०२२ आठवा. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी कठड्याला धडकली. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे बेल्टविना होते, दोघेही गेले. गाडी महागडी होती, एअरबॅगवाली होती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात त्याच वर्षी बेल्ट न लावता मेलेल्यांचा आकडा १६,७१५ आहे आणि त्यातले ८,३३१ चालक नव्हते, प्रवासी होते. पन्नासच्या वेगाने आदळणं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. मागे बसलं म्हणून मजला कमी होत नाही. शिवाय मागच्यालाही बेल्ट कायद्याने सक्तीचा आहे, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे.

एअरबॅगवाल्या गाडीत डॅशबोर्डवर 'एसआरएस' लिहिलेलं असतं. त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थच 'पूरक' असा आहे. कशाला पूरक? बेल्टला. आणि पुढच्या सीटवर मांडीवर बाळ असेल तर उघडणारी एअरबॅग थेट त्याच्या डोक्यावर आदळते.

आगीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, मान्य. बेल्टचं बक्कल क्वचित अडकतं. पण गाडी पेटण्याआधी किंवा पाण्यात जाण्याआधी बहुतेक वेळा कशावर तरी आदळलेली असते. बेल्ट नसलेला माणूस तिथेच बेशुद्ध पडतो, मग दार कोण उघडणार? भीती वाटत असेल तर बेल्ट कापायचं कटर हाताशी ठेवा.

गरोदर बाईने बेल्ट लावायचाच. खालचा पट्टा पोटाखालून, कमरेच्या हाडांवर. वरचा छातीच्या मधून, पोटाच्या बाजूने.

बहिणीला फोन केला. आमच्या मुलाची लहानपणची चाइल्ड सीट माळ्यावर आहे, कधी अपघातात सापडलेली नाही, कव्हर धुऊन ठेवलंय. मागच्या सीटच्या फटीत बोटं घातली की लोखंडी कड्या लागतात, त्यात ती खटकन बसते. बाळाचं तोंड मागच्या काचेकडे, पट्टा खांद्यापाशी चिमटीत येणार नाही इतका आवळलेला. "पण तो रडेल गं," ती म्हणाली. रडू दे. शिरवळ येईपर्यंत झोपेल.