नोटरी झाली, नमुना ८ ला नाव चढलं. तरी घर तुमचं नाही

विदर्भातल्या गावागावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरतो आहे. थोडक्यात तो असा: "गावातलं घर घेताना रजिस्ट्रीत पैसे घालू नका. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करा, सरपंच आणि पोलीस पाटलाची सही घ्या, ग्रामपंचायतीत नमुना ८ ला नाव चढवा. ज्याचं नाव आहे त्याचीच सही लागते, बहिणींची नाही. रजिस्ट्रीला शहरासारखाच खर्च येतो. बारा वर्षं कोणी बोललं नाही की घर कायमचं आपलं. विकणाऱ्यानेही रोख घ्यावं अन् मोकळं व्हावं."

हा संदेश लोकांना पटतो, कारण आबादीतल्या, म्हणजे गावठाणातल्या, घराला सहसा सातबारा नसतो, आखीव पत्रिका (मिळकत पत्रिका) बऱ्याच गावांत आता कुठे येते आहे आणि आजोबांच्या काळापासून घरं अशीच या हातातून त्या हातात गेली. पण तेव्हा घराची किंमत आणि वारसांची संख्या दोन्ही कमी होती. आज तोच कागद घेऊन कोर्टात गेलात, तर काय होतं ते एकेक करून पाहू.

"नमुना ८ ला नाव आलं की मालकी आली"

नमुना ८ ही ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही आहे. घरपट्टी कोणाकडून वसूल करायची, एवढंच ती सांगते. मालक आणि भोगवटादार असे वेगळे रकाने तिच्यात असतात आणि अतिक्रमणातल्या घरालाही कर लागतो, म्हणून त्याचीही नोंद तिथेच होते. महसुली किंवा कराच्या नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलं आहे.

म्हणून नमुना ८ चा उतारा हातात आला की नाव पाहून थांबू नका, शेऱ्याचा रकाना वाचा. तिथे 'अतिक्रमण', 'शासकीय जागा' किंवा 'घरकुल' असं काही असेल, तर इसार देण्याआधी जागा कोणाची ते शोधा. गावठाणाबाहेरच्या घराचा गट नंबर घेऊन पटवाऱ्याकडून सातबारा काढा आणि भोगवटदार वर्ग १ आहे की वर्ग २, ते पाहा. वर्ग २ असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने घ्यायची, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. मेळघाट, गडचिरोली आणि यवतमाळच्या काही भागांत ही अट नेहमी आडवी येते आणि ती चुकवून घेतलेलं घर परत करावं लागू शकतं.

पूर्व विदर्भात आणखी एक गोष्ट बघा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदीत 'झुडपी जंगल' असलेल्या जमिनींवर वस्त्या झाल्या आहेत. या जमिनी वन संवर्धन कायद्यासाठी वनजमीनच आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी दिलेल्या जागांसाठी केंद्राची मान्यता घेण्याचा मार्ग त्यात ठेवला आहे, पण ते काम शासनाचं. विकणारा तुम्हाला ती मान्यता देऊ शकत नाही. जुन्या नोंदीत हा शब्द दिसला, तर नमुना ८ कितीही जुना असो, व्यवहार थांबवलेला बरा.

केंद्राच्या स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघत आहेत. तुमच्या गावची निघाली असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयातून ती काढा. नमुना ८ पेक्षा तिचं वजन कितीतरी जास्त. तरी पत्रिकेवरचं क्षेत्र आणि जागेवरचं माप टेपने जुळवून पाहा. सामायिक भिंत आणि दोन घरांमधली सांद कोणाच्या हिश्श्यात गेली, यावरच पुढे भांडणं होतात.

"पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी म्हणजे पक्की खरेदी"

संदेशातली सगळ्यात महाग पडणारी ओळ ही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नोंदणी कायदा १९०८ चं कलम १७ ही नोंदणी सक्तीची करतं. नोटरी सही करणाऱ्याची ओळख पटवून शिक्का मारतो, त्याने मालकी सरकत नाही. सरपंच आणि पोलीस पाटील फार तर साक्षीदार. मुखत्यारपत्रावर झालेल्या 'विक्री'नेही मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं.

त्यात एक गंमत अशी, की नोटरीच्या कागदात हमखास लिहिलेलं असतं, 'आज रोजी घराचा ताबा दिला.' महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात ताबा देणारा विक्रीचा करार हा खरेदीखतासारखाच धरला जातो. म्हणजे पाचशे रुपयांत जे वाचलं असं वाटलं, ते मुद्रांक शुल्क देणं बाकीच आहे. कोर्टात हा कागद पुढे केला की तो अडकवून ठेवतात. कमी पडलेलं शुल्क आणि त्यावर दरमहा २ टक्के दंड भरल्याशिवाय तो पुराव्यात घेत नाहीत. हा दंड कमी पडलेल्या शुल्काच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. आणि ते सगळं भरलं, तरी कागद खरेदीखत होत नाही.

'ताब्यात आहे म्हणजे कोणी काढू शकत नाही' हेही अर्धसत्य. अपुऱ्या व्यवहारात ताबा घेतलेल्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-अ चं संरक्षण असतं, पण २४ सप्टेंबर २००१ नंतरच्या कराराला ते हवं असेल, तर करार नोंदणीकृत लागतो.

"रजिस्ट्रीला शहराइतकाच खर्च येतो"

येत नाही. ग्रामपंचायत हद्दीत खरेदीखताला मुद्रांक शुल्क ३ टक्के आणि जिल्हा परिषदेचा अधिभार १ टक्का, असे मिळून ४ टक्के लागतात. शहराच्या प्रभाव क्षेत्रातल्या गावांत १ टक्का जास्त. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. सहा लाखांच्या घराला म्हणजे २४,००० अधिक ६,०००, एकूण ३०,०००. राहतं घर फक्त बाईमाणसाच्या नावावर घेतलं, तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे; इथे ६,००० वाचतात. शुल्क लिहिलेल्या किमतीवर किंवा रेडीरेकनरवर (सरकारी दरपत्रकावर), जी रक्कम जास्त असेल तिच्यावर बसतं, त्यामुळे किंमत कमी दाखवून फायदा होत नाही. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत तो दुय्यम निबंधकाकडे हजर करावा लागतो.

"बहिणींच्या सह्या लागत नाहीत"

वडील मृत्युपत्र न करता वारले आणि नमुना ८ ला मोठ्या भावाचं नाव लागलं, म्हणून घर एकट्या मोठ्या भावाचं होत नाही. आई, सगळे भाऊ आणि सगळ्या बहिणी, लग्न झालेल्याही, हिस्सेदार आहेत. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मिळाला आणि वडील २००५ पूर्वी वारले असले तरी तो जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. बहिणीला हिस्सा नको असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या. 'मला काही नको' असं तोंडी किंवा साध्या कागदावर लिहून दिलेलं चालत नाही.

एकाच भावाची सही घेतली, तर घेणाऱ्याला काय मिळतं? फक्त त्या भावाचा हिस्सा, तोही कागदावर. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने विकत घेतला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला घरच्यांबरोबर ताबा मागता येत नाही. तो वाटणीचा दावा लावेल, तेव्हा घरचे लोक १८९३ च्या विभाजन कायद्याच्या कलम ४ खाली तोच हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीत परत घेऊ शकतात. पैसे पूर्ण घराचे गेलेले असतात.

वारसांत अज्ञान मूल असेल, तर आईच्या सहीवर भागत नाही. त्याच्या हिश्श्यासाठी आधी जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. नाहीतर ते मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत विक्री रद्द करायला कोर्टात जाऊ शकतं.

"बारा वर्षं झाली की घर आपलं"

मालकाच्या विरोधात, उघडपणे, हक्क सांगून केलेला ताबा असेल, तर बारा वर्षांचा मुद्दा निघतो. विकणाऱ्यानेच कराराने घरात बसवलं असेल, तर तो ताबा विरोधी कसा? सरकारी जागेला तर मुदत ३० वर्षांची आहे.

"विकणाऱ्याने रोख घ्यावं, मोकळं व्हावं"

मोकळा तो होतच नाही. दस्त नोंदला नाही, तर कायद्याच्या नजरेत मालक तोच राहतो, आणि नमुना ८ चा फेरफार अडला, तर घरपट्टीची थकबाकी आणि विजेचं बिलही त्याच्याच नावावर निघत राहतं. स्थावर विक्रीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली, तर आयकर कायद्यात तेवढाच दंड आहे, आणि तो घेणाऱ्यावर म्हणजे विकणाऱ्यावर बसतो. इसार आणि बाकी रक्कम चेकने किंवा बँकेतूनच घ्या, प्रत्येक चेकचा नंबर आणि तारीख खरेदीखतात लिहा. गावातल्या शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नसतो, त्यावरून घरावरही नाही असा समज आहे. घराला ती सूट लागू नाही.

आधीच नोटरीवर घर घेतलं असेल तर

विकणारा हयात आणि राजी असेल, तर आताच खरेदीखत करून घ्या. तारीख मागची टाकू नका. नोटरीच्या कागदाचा आणि तेव्हा दिलेल्या रकमेचा उल्लेख मजकुरात करा, शुल्क आजच्या मूल्यावर भरा, चतुःसीमा जागेवर उभं राहून लिहा. विकणारा वारला असेल, तर त्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या लागतील. आणि विकणारा हयात असूनही नाहीच म्हणाला, तर करार पूर्ण करून मागण्याचा दावा लावता येतो. नोंदणी नसलेला कागद त्या दाव्यात कराराचा पुरावा म्हणून चालतो, फक्त मुद्रांक आणि दंड भरावा लागतो. मुदत तीन वर्षांची, करारात तारीख ठरली असेल तर तिच्यापासून, नसेल तर नकार कळल्यापासून. म्हणून वकिलाकडून नोटीस पाठवाल तेव्हा पोस्टाची पोच जपून ठेवा.