वाणी जयराम संपल्या नव्हत्या

पावसाळा लागला, ‘गुड्डी’ चित्रपटातलं ‘बोले रे पपीहरा’ कुणीतरी पाठवलं, की त्याच्या मागोमाग एक मजकूरही येतो. सार असं: वाणी जयराम एका गाण्याच्या गायिका, मुंबईतल्या बड्या मंडळींनी त्यांना टिकू दिलं नाही, हिरमुसून त्या मद्रासला परतल्या आणि विस्मरणात गेल्या, पद्मभूषणसुद्धा मिळालं ते मरणोत्तर. लिहिणाऱ्याला कळवळा आहे, हे दिसतं. पण या कळवळ्यापायी एका मोठ्या गायिकेचं आयुष्यभराचं काम पुसलं जातंय, म्हणून हे लिहिते आहे.

‘एका गाण्याच्या’ हे तर ‘गुड्डी’पुरतंही खरं नाही. 1971 च्या त्याच चित्रपटातली ‘हम को मन की शक्ती देना’ ही प्रार्थनाही त्यांचीच. ती शाळेच्या पटांगणात हात जोडून म्हणत आपल्यातले कितीतरी जण लहानाचे मोठे झाले.

आणि मराठी माणसाने तर असं म्हणूच नये. ‘देव दीनाघरी धावला’ या बाळ कोल्हटकरांच्या नाटकातलं ‘ऋणानुबंधाच्या’ आठवा. संगीत वसंत देसाईंचं, सोबतीला साक्षात कुमार गंधर्व. ‘गुड्डी’तही देसाईंनीच त्यांना गायला लावलं. आता एक बारीक गोष्ट ऐका. तमिळ लिपीत ठ, ध, भ यांना वेगळी अक्षरंच नाहीत. वेल्लोरला तमिळ घरात जन्मलेली ही बाई ‘बंधाच्या’मधला ध, ‘गाठी’तला ठ, ‘भेटीत’मधला भ असा ठाशीव, तरी हळुवार उच्चारते की ती परप्रांतातली आहे हे सांगावं लागतं. मी हे गाणं लहानपणापासून ऐकत आले, पण त्यामागची मेहनत फार उशिरा लक्षात आली.

मेहनत म्हणजे काय, तेही सांगते. लहानपणी कर्नाटक संगीताची कडक तालीम झालेली. पुढे स्टेट बँकेत नोकरी. लग्नानंतर मुंबईला आल्या, पती जयराम यांच्या आग्रहाने पतियाळा घराण्याच्या उस्ताद अब्दुल रहमान खाँकडे हिंदुस्थानी शिकू लागल्या. ठुमरी, गझल, भजन. रियाजासाठी अखेर बँकेची नोकरी सोडली. ‘पपीहरा’तला मियाँ मल्हार राग त्या तयारीवर उभा आहे.

मुंबईतून हाकललं म्हणून दक्षिणेत गेल्या, हा तिसरा मुद्दा. नव्या गायिकेला तेव्हा हिंदीत जागा मिळणं फार अवघड होतं, याबद्दल माझं दुमत नाही. त्यांच्या वाट्याला हिंदी गाणी त्यांच्या कुवतीच्या मानाने कमीच आली, याची हळहळ मलाही आहे. पण तारखा बघा. 1973 मध्येच सलील चौधरींनी त्यांना ‘स्वप्नम्’ या मल्याळम चित्रपटात गायला लावलं होतं. तमिळमध्येही त्या गाऊ लागल्या होत्या. मद्रासला मुक्काम हलवला 1974 मध्ये. म्हणजे तिकडचं काम आधी सुरू झालं, बिऱ्हाड मागाहून गेलं. आणि हिंदीचं दार कायमचं बंद झालं म्हणावं, तर 1979 च्या ‘मीरा’चं काय? पंडित रविशंकरांनी मीरेच्या भजनांसाठी आवाज घेतला तो वाणीबाईंचा. ‘मेरे तो गिरिधर गोपाल’साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं.

आता ‘विस्मरणात गेल्या’. कुणाच्या विस्मरणात? मुंबईच्या खिडकीतून पाहणाऱ्यांच्या. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम घरांत हा आवाज रोजचा होता. 1975 च्या ‘अपूर्व रागंगळ’मध्ये संगीतकार एम. एस. विश्वनाथन यांनी त्यांना रागमालिका, म्हणजे अनेक रागांत गुंफलेलं गाणं, दिली, तिला राष्ट्रीय पुरस्कार. मग ‘शंकराभरणम्’, दुसरा. तिसरा ‘स्वाती किरणम्’साठी, 1991 सालचा, म्हणजे ‘गुड्डी’नंतर तब्बल वीस वर्षांनी.

या ‘स्वाती किरणम्’पाशी मला थांबायचंय. के. विश्वनाथ यांचा हा तेलुगू चित्रपट, के. व्ही. महादेवन यांचं संगीत. गोष्ट एका विलक्षण गाणाऱ्या मुलाची, आणि त्याच्या गुणांनी मनातून जळत जाणाऱ्या गुरूची. पडद्यावर दहा-बारा वर्षांचा पोरगा तोंड उघडतो आणि त्याच्या गळ्यातून गातात पंचेचाळिशीतल्या वाणी जयराम! गुरूला हेवा वाटला पाहिजे असं गाणं हवं, आणि ते पोराचंही वाटलं पाहिजे. ‘आनतिनीयरा’ ऐका. सूर बायकी लाडिकपणाकडे झुकत नाही, खोटा बालिश होत नाही. सरळ, निर्भय चढतो आणि वर जाऊन हलत नाही. मला तेलुगू येत नाही, तरी डोळे भरतात. हे संपलेल्या गायिकेचं गाणं असेल, तर न संपलेलं गाणं मला कुणीतरी दाखवावं.

भाषा एकोणीस, चित्रपट हजारावर. हे आकडे त्या गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांनीही छापले होते.

राहिलं पद्मभूषण. ते मरणोत्तर नव्हतं. 2023 च्या प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी घोषणा झाली, तेव्हा वाणीबाई हयात होत्या. त्या गेल्या 4 फेब्रुवारीला, चेन्नईत. पुरस्कार हातात घ्यायला त्या उरल्या नाहीत याचं दुःख मोठं आहे, पण आपल्याला तो मिळाला हे कळून त्या गेल्या. पुढच्या पावसाळ्यात तो मजकूर पुढे ढकलायचाच असेल, तर निदान ‘मरणोत्तर’ हा शब्द खोडा, आणि सोबत ‘आनतिनीयरा’ पाठवा.