हत्ती कणकुंबीत, हत्ती अथणीतही

गावच्या ग्रुपवर परवापासून एकच मजकूर फिरतोय: "मान्सून केरळात आला की सातव्या दिवशी बेळगावात. यंदा लवकर येतोय, म्हणजे पाऊस भरपूर. मिरगाचं वाहन हत्ती आहे. वळीव झालाच आहे, पेरून घ्या."

सातवा दिवस कुठल्या हिशेबाने? २०२५ ला मान्सून २४ मेला केरळात आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने देवगड गाठलं. २०२३ ला ८ जूनला केरळ, ११ ला रत्नागिरी, आणि मग बिपरजॉय वादळाच्या नादात बरेच दिवस तिथेच मुक्काम. केरळची १ जून ही सरासरी आहे, एसटीचं वेळापत्रक नव्हे.

लवकर म्हणजे भरपूर? २००९ ला तो २३ मेलाच केरळात होता, आणि देशात हंगामाचा पाऊस २२ टक्के कमी पडला. २०१९ ला ८ जून उजाडला. ऑगस्टात घटप्रभा-मलप्रभेकाठची गावं पाण्यात होती. इतक्यात विसरलो?

हत्तीचं म्हणाल तर (वाहन हत्ती म्हणजे पाऊस जोरदार, असा समज) सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं, बाकीवरून वाहन ठरतं. त्यात ढग नाही, वारा नाही. शिवाय तोच हत्ती घाटमाथ्यावरच्या कणकुंबीत आणि तोच कोरड्या पट्ट्यातल्या अथणीत! घाटमाथ्यावर धो धो कोसळत असतो तेव्हा अथणीकर कोरडं आभाळ बघत असतो. (मिरगाशी माझं भांडण नाही. सूर्य ७-८ जूनच्या सुमाराला मृगात जातो, आपला पाऊसही साधारण तेव्हाच येतो.)

खरा घात शेवटच्या वाक्यात आहे. वळीव दुपारी गडगडत येतो, तासभर झोडपतो, गारा टाकतो, रात्री चांदणं. शेजारच्या शिवारात थेंब नसतो. मान्सून खानापूरच्या बाजूने येतो, ढग खाली उतरतात, रिपरिप थांबत नाही. हवामान खातंसुद्धा एका सरीवर भुलत नाही. केरळकडच्या ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के ठिकाणी सलग दोन दिवस किमान अडीच मिलिमीटर पाऊस लागतो, वर पश्चिमेचे वारे किती उंचीपर्यंत आहेत तेही बघतात.

आपण भातवाले धूळवाफ पेरतो ते चालतं, कारण कोरड्या मातीत बी झोपून राहतं. अर्ध्या ओलीत ते जागं झालं आणि वर पंधरा दिवस ऊन पडलं, की कोंब करपले. दुबार पेरणीचं बियाणं हा मजकूर पाठवणारा देणार आहे का? काल येळ्ळूरच्या रानात मी काठी खुपसून बघितली. चार बोटांखाली धूळच होती.