बांय बुजवण्याआधी एवढं वाचा

आज सकाळी गोव्यातल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, एक टिपर आला. पाडलेल्या घराचे चिरे, कौलांचे तुकडे, बाथरूमच्या फोडलेल्या लाद्या असं काय काय भरलेला. मागे मागे घेत तो शेजारच्या अंगणात गेला आणि सगळा मलबा विहिरीत ओतला. चिऱ्यांनी बांधलेली गोल विहीर, भर मे महिन्यात तळाला कंबरभर पाणी असलेली. कारण विचारलं तर म्हणे दुसरी गाडी लावायला जागा नाही. आणि वर, "आतां नळ आसा न्हय, बांय कित्याक जाय?" म्हणजे आता नळ आहे ना, विहीर कशाला हवी?

तिथे मी गप्प राहिले. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव त्यांचं आहे, माझं नाही. पण इथे बोलणार आहे, आणि लांबलचक बोलणार आहे.

२०१९ चा ऑगस्ट आठवतो का कुणाला? फोंडा आणि तिसवाडीतल्या लोकांना आठवायलाच हवा. खांडेपारला ओपाच्या पाणी प्रकल्पाची मुख्य जलवाहिनी फुटली आणि जवळपास आठवडाभर दोन्ही तालुक्यांचे नळ कोरडे पडले. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आलेली, घरोघरी साफसफाई काढलेली, बाहेर धो धो पाऊस, आणि नळाला थेंब नाही. लोक छत्र्या धरून टँकरची वाट बघत रस्त्यावर उभे होते. छत्रीवरून पाणी गळतंय आणि हातातली बादली रिकामी. हे दृश्य मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

त्या आठवड्यात अख्ख्या वाड्याने पाणी कुठून ओढलं? याच विहिरीतून. आज जिच्यात लाद्या पडल्या, तिच्यातून. मागच्या इमारतीतली माणसं रंगाचे डबे घेऊन आली, बिसलेरीच्या रिकाम्या बाटल्या घेऊन आली. ज्यांनी आयुष्यात रहाट ओढला नव्हता त्यांच्या हाताला फोड आले. तेव्हा त्या घरातली आजी हयात होती. पायरीवर बसून ती प्रत्येकाला सांगायची, कळशी अर्धी नेऊ नका, भरून न्या. कुणाची जात विचारली नाही, भाडेकरू की मालक विचारलं नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत ओढून पाणी खाली जायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत जिथल्या तिथे. वीज गेली तरी अडत नव्हतं, कारण दोरखंडाला वीज लागत नाही.

नळ आले आणि तिसऱ्या दिवशी त्याच इमारतीखाली पाइप लावून स्कूटर धुणं सुरू झालं.

मला राग येतो तो इथे. आपल्याला पाणी वाचवता येत नाही असं नाही. त्या आठवड्यात सगळ्यांना सगळं येत होतं, कुणी शिकवावं लागलं नाही. तांदूळ धुतलेलं पाणी बाजूला काढलं जात होतं. मासळी धुतलेलं पाणी परसातल्या माडाला जात होतं, आणि माडाला ते नळाच्या पाण्यापेक्षा जास्त मानवतं. कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी संडासाला. शॉवर कुणाला आठवला नाही, एका बादलीत आंघोळ होत होती. मग आता काय झालं? आरओच्या मशीनमधून एक लिटर शुद्ध पाणी निघताना दोन-तीन लिटर बाहेर पडतं, ते तुम्ही सरळ सिंकमध्ये सोडता. त्या नळीखाली बादली ठेवा, लादी पुसायला आणि संडासाला रोज पुरेल. जुना मोठा फ्लश असेल तर त्याच्या टाकीत पाण्याने भरलेली लिटरची बाटली उभी करून ठेवा, दर वेळी एक लिटर वाचतो. सेकंदाला एक थेंब गळणारा नळही दिवसाला कित्येक लिटर घालवतो, वायसर दहा-वीस रुपयांना मिळतो. आणि गच्चीवरची टाकी! पहाटे पंप लावून झोपणारे लोक! भिंतीवरून धबधबा वाहतो, निम्मा वाडा जागा होतो, पण ज्यांची टाकी त्यांना जाग येत नाही. बॉल कॉक बदलून घ्या हो. किंवा टाकी भरली की वाजणारा अलार्म बसवा. घरातली सगळ्यात मोठी नासाडी मोरीत होत नाही, ती गच्चीवर होते.

सरकारने २०२१ साली महिन्याला १६,००० लिटरपर्यंत पाणी फुकट देण्याची घोषणा केली तेव्हा मला आनंद झाला नव्हता. गरिबाला दिलासा मिळतो हे मान्य, त्यावर वाद नाही. पण हिशेब करून बघा. वर्षाचे झाले १,९२,००० लिटर. आता तुमच्या छपराचा हिशेब करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पडतो. शंभर चौरस मीटरचं छप्पर असेल तर ३ लाख लिटर. उडालेलं, सांडलेलं वजा करा, तरी सव्वादोन लाखांहून कमी होत नाही. त्या घोषणेतल्या फुकट पाण्यापेक्षा जास्त पाणी फुकटात आपल्या पागोळ्यांतून गटारात जातं, आणि मग मे महिन्यात आपण कार्यकारी अभियंत्याला घेराव घालतो.

यावर आमच्या भावोजींचं नेहमीचं उत्तर असतं की जुलैत विहीर काठोकाठ भरलेलीच असते, तिच्यात छपराचं पाणी ओतून करायचं काय? अर्धं बरोबर आहे त्यांचं. आपला जांभा चाळणीसारखा. पाणी आत घेतो आणि झऱ्या-व्हाळांतून (ओढ्यांतून) सोडूनही देतो, खालच्या शेडीवर, म्हणजे चिकणमातीच्या थरावर, जेवढं अडतं तेवढंच मागे राहतं. म्हणून जुलैचं पाणी मेपर्यंत टिकत नाही. पण मग जुलैचं पाणी जुलैतच का वापरत नाही? पागोळीखाली पन्हळ लावा, चार इंची पीव्हीसी पाइप खाली उतरवा आणि हजार-दोन हजार लिटरच्या टाकीत सोडा. चार महिने संडास, कपडे, लादी, गाडी सगळं त्यावर होतं. २०१९ च्या त्या आठवड्यात आमच्याकडे अशी टाकी होती, म्हणून विहिरीच्या रांगेत आम्ही फक्त पिण्यापुरतं पाणी भरायला उभे राहिलो.

विहिरीत सोडायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस सोडा, त्याचा उपयोग होतो. सुरुवातीचे दोन-तीन पाऊस मात्र कधीच आत घेऊ नका. छपरावरची धूळ, पक्ष्यांची घाण, सगळं त्यात उतरतं. त्यासाठी पाइपाला खाली एक वेगळं तोंड ठेवायचं, ते उघडं टाकलं की पाणी बाहेर जातं. मग एका पिंपात खाली खडी, वर कोळसा, त्यावर जाळी आणि वाळू, आणि त्यातून गाळून विहिरीत. वाळू दरवर्षी धुवायची. विहिरीवर बारीक जाळी हवीच, डासांसाठीही आणि पोरांसाठीही. पिण्यासाठी वापरत असाल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर हा सरधोपट हिशेब आहे, तरीही उकळून प्या. आणि सोकपिट, म्हणजे संडासाचा शोषखड्डा, विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब ठेवा. आज कितीतरी विहिरी वापरातून गेल्या त्या आटल्या म्हणून गेल्या नाहीत, शेजारी सोकपिट खणला म्हणून गेल्या. किनाऱ्याकडच्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. हॉटेलसाठी दिवसरात्र पंप चालला की समुद्राचं खारं पाणी आत सरकतं, आणि एकदा विहीर खारी झाली की गोडी परत यायला वर्षं लागतात.

अंगणाबद्दल बोलायला गेलं की लोक नाराज होतात, तरी बोलते. सगळं अंगण पेव्हर आणि काँक्रिटने बंद करू नका. तुळशीभोवती लाद्या घाला, बाकीची माती उघडी राहू द्या. चिखल होतो हे मला माहीत आहे, मीही झाडते तो.

आता कुळागराचं. माझ्या मामांचं सावईवेऱ्याकडे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आहे. पोफळी, माड, केळी, मिरवेली, दोन जायफळं. पाटाचं पाणी वरून येतं, पोफळीच्या ओळींतून फिरतं आणि खाली व्हाळाला मिळतं. मी ठिबक घाला म्हणते, मामा नाही म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की पाटाचं जे पाणी मुरतं तेच खालच्या वाड्याच्या विहिरींना मिळतं. हे खोटं नाही. पण झर पूर्वी एप्रिलपर्यंत जोरात यायचा, आता फेब्रुवारीतच बारीक होतो, तेव्हा पाट अर्ध्यावरच संपतो. त्या दिवसांत तरी ठिबक हवं. आणि ते होईपर्यंत एक गोष्ट विनापैशांची आहे. नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, जाळू नका, विकू नका. माडाच्या आळ्यात ती पोकळ बाजू वर करून थरावर थर लावा आणि वर माती ओढा. पावसाचं पाणी धरून ठेवतात, आणि एकदा घातली की पाच-सात वर्षं बघावं लागत नाही. वर झावळ्या आणि पोफळीची पानं पसरा. मामांनी हे केलं आहे, आणि दोन शिंपण्यांमध्ये आता पूर्वीपेक्षा जास्त दिवस जातात हे ते स्वतः सांगतात. ठिबकच्या बाबतीत मात्र हटून बसलेत.

काजूच्या डोंगरावर तर आपण उलटंच करतो. बोंडू (काजूची फळं) वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पाला पेटवतो. तो पाला पाणी मुरवतो. उतारावर आडवे चर मारा, त्यात पाला पडू द्या, पायथ्याच्या विहिरीला फरक पडतो. आणि व्हाळावरचे बांध. पूर्वी पाऊस सरला की गावची माणसं जमून माती, दगड आणि फांद्या घालून व्हाळ अडवायची, त्या पाण्यावर वायंगण, म्हणजे उन्हाळी भातशेती, व्हायची. आता वायंगण करणारे राहिले नाहीत, त्यामुळे बांध घालायलाही कुणी नाही. वाळूच्या गोण्या रचून नोव्हेंबरात एक दिवस काम केलं तरी आसपासच्या विहिरींचं पाणी जास्त दिवस टिकतं. एक दिवस. क्रिकेटची टुर्नामेंट भरवायला आपल्याकडे अकरा-अकरा माणसांचे दहा संघ मिळतात!

कुणीतरी आता खाली लिहिणारच की बादल्या मोजून काय होतं, खाणींनी डिचोलीचं पाणी संपवलं, वर कर्नाटकवाले म्हादई नदी वळवायला निघालेत. खरं आहे. खाणीचा खड्डा भूजलाच्या खाली गेला आणि पंप लागले की गावाच्या विहिरींचं काय होतं ते शिरगावच्या लोकांना विचारा. म्हादईसाठी मोर्च्याला मी गेले आहे, पुन्हा जाईन. पण वरच्यांनी आमचं पाणी चोरलं म्हणून ओरडायचं आणि आपल्या अंगणातलं पाणी आपणच मलब्याखाली गाडायचं, हे मला समजत नाही. म्हादईच्या वादात गोव्याची बाजू मांडायला वकील आहेत. शेजारच्या विहिरीची बाजू कोण मांडणार?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या घरातली मुलं वाईट नाहीत. २०१९ च्या त्याच आठवड्यात धाकटा रात्री उशिरापर्यंत रहाटावर उभा राहून म्हाताऱ्या माणसांच्या कळशा भरून देत होता. त्याला कुणी समजावून सांगितलं असतं की विहिरीवर लोखंडी जाळी टाकून तिच्या कडेने गाडी लावता येते, तर कदाचित टिपर आला नसता. आपल्याकडे घर बांधायचा परवाना काढताना पंचायतीत पार्किंग दाखवावं लागतं, विहीर मोडत असेल तर तिच्याबद्दल मात्र कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

तेवढंच मागायचं आहे. पंचायतीने आपल्या हद्दीतल्या सगळ्या विहिरींची यादी करावी, खाजगीही धरून, आणि बांधकामाच्या नकाशावर विहीर दाखवल्याशिवाय ना हरकत देऊ नये. विहीर बुजवायची असेल तर आधी ग्रामसभेत कारण सांगावं. अर्ज मी लिहायला घेतला आहे. आमच्या वॉर्डातल्यांनी उद्या संध्याकाळनंतर घरी येऊन सही करावी. दुसऱ्या गावच्यांना मसुदा हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पाठवते. आणि ज्यांना पन्हळ बसवायची आहे त्यांनी याच आठवड्यात प्लंबरला गाठा, जून लागला की त्यातला एकही फोन उचलत नाही.